आबासाहेबांच्या घरची माणसं

दह्याचे रिकामे डबे घरात कसे साठतात, तसे हे किस्से साठलेत. मुद्दाम कुणी जमवत नाही. एक धुऊन ठेवला जातो, त्यात दुसरा बसतो, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे धडाधड अंगावर येतात! परवा माझ्या लेकीनं, निशानं, विचारलं, "मॉम, तुम्ही लोक त्या म्युझियममध्ये नक्की करता काय?" मी सांगायला लागले आणि माझ्या फोनची बॅटरी संपली. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या शेजारचं एक लहानसं गाव आमचं. नाव सांगत नाही, कारण ह्यातली माणसं मला अजून भाजीच्या दुकानात भेटतात. गावाच्या मधोमध पांढऱ्या फळ्यांचं एक जुनं घर आहे. जज एबेनेझर क्रॅबट्री यांचं. एकोणिसाव्या शतकातला माणूस. आधी वकील, मग राज्याच्या विधानसभेत आमदार, मग जज. आता ते घर गावाच्या मालकीचं आणि तिथं म्युझियम. आणि त्या म्युझियममधले सगळेच्या सगळे गाइड मराठी!

*

ह्याला कारण घाटे काका. काका मूळचे नागपूरचे, जन्मभर इथं पूल बांधले, आता रिटायर्ड. आम्ही स्वतः साठी ओलांडली तरी त्यांना काकाच म्हणतो. सुमनकाकू गेल्या, मूलबाळ नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालत जा. एकदा चालता चालता बर्फ सुरू झालं, म्हणून काका समोर दिसलं त्या घरात शिरले. आत बार्बरा बसलेली.

बार्बरा म्हणजे म्युझियमची अध्यक्ष. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत चालणारी, आवाज मात्र हेडमास्तरीणबाईंचा. तिचे जुने व्हॉलंटियर निम्मे फ्लोरिडाला गेलेले आणि निम्मे वर.

"तुम्ही व्हॉलंटियर व्हायला आलात ना?" तिनं विचारलं.

बाहेर बर्फ, आत हीटर. नाही म्हणावं तर बाहेर जावं लागणार. काका म्हणाले, "येस!"

काकांनी मला ओढलं. मी तेव्हा नुकतीच हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर होऊन घरी नवऱ्याच्या चुका काढत बसले होते, त्यामुळे नवऱ्यानंच मला सोडायला गाडी काढली. मी कुंदाला ओढलं. कुंदा पुण्याची, आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. चार माणसं एकत्र दिसली की तिला सूचना द्यायची असते, तेव्हा गाइडचं काम तिच्यासाठीच होतं. झाली टीम तयार!

एबेनेझर हे नाव काही आमच्या तोंडात बसेना. पहिल्याच आठवड्यात काका 'आबासाहेब' म्हणायला लागले. दिवाणखान्यातलं तैलचित्र बघाल तर तुम्हालाही पटेल. गालभर कल्ले, कपाळाला आठ्या, एक हात कोटात. फेटा बांधला तर थेट आमच्या कराडकडचे पाटील!

*

आबासाहेबांचं करिअर ऐकावं ते काकांकडून. पाहुण्यांना ते इंग्रजीत सांगतात, पण मजा मराठीतच.

"वकील असताना ह्यांच्याकडे एक केस आली. अशिलाच्या डुकरांनी शेजाऱ्याचा मका खाल्ला. आबासाहेबांनी कोर्टात ठणकावून सांगितलं, डुकराला काय समजते? कुंपण घालणं मकावाल्याचं काम! केस जिंकली. पुढे झाले आमदार. तेवढ्यात कोणाच्या तरी डुकरांनी ह्यांच्याच बागेतला कोबी फस्त केला. झालं! लगेच कायदा पास करून घेतला, की नुकसान डुकराच्या मालकानंच भरायचं. मग झाले जज. आता त्या कायद्याखाली समोर पहिली केस आली. आरोपी कोण? ह्यांचा सख्खा मेव्हणा!"

इथं काका थांबून चष्मा पुसतात. पाहुणे पुढं सरकतात.

"निकाल दिला, की हा कायदा करणाऱ्यांच्या मनात असल्या गरीब डुकरांचा विचार नसणारच. अरे, करणारा कोण? हाच बाबा!"

एकदा एक बाई हसून हसून म्हणाल्या, "अशी माणसं आता राहिली नाहीत हो." काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही बातम्या पाहत नाही काय?"

बोलण्याच्या बाबतीतही तेच. आमदार असताना आबासाहेब सकाळी उभे राहिले की दिवे लागेपर्यंत बोलायचे, आणि सभापतींनी "बसा" म्हटलं की वर्षभर त्यांचं तोंड बघायचे नाहीत. जज झाल्यावर मात्र वकिलाला तोंड उघडू द्यायचे नाहीत. मरताना घर गावाला दिलं, पण अट घातली. ह्या घराचं काही करायचं असेल तर आधी भर गावसभेत माझ्या कुटुंबाला विचारावं, आणि कुटुंबातलं माणूस बोलायला उभं राहिलं तर त्याला मध्ये थांबवू नये. अट सगळ्या गावाला पाठ आहे, कारण त्यातली गंमत सगळ्यांना ठाऊक आहे. आबासाहेबांना मूल नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही. मेव्हणा डुकरांसकट पश्चिमेकडे गेला तो गेलाच.

"मग अट कुणासाठी?" कुंदानं विचारलं.

"वकील माणूस," काका म्हणाले. "अट घातल्याशिवाय झोप येते काय?"

*

बुटांचा किस्सा सांगायलाच हवा.

कुणी सांगितलं नव्हतं, ठरलं नव्हतं, पण आम्ही तिघं पहिल्या दिवसापासून आबासाहेबांच्या दाराशी चपला काढून आत जायचो. घर आहे, काढणारच! कुंदा पाहुण्यांनाही दाराशी अडवायची, "शूज प्लीज." तिच्या आवाजापुढं कुणाची टाप आहे? गुमान काढायचे. मोठमोठे लोक मोजे घालून आबासाहेबांच्या पलंगाभोवती फिरताना मी पाहिलेत. एकाचा अंगठा बाहेर आला होता, तो बिचारा शेवटपर्यंत एका पायावर उभा होता.

वर्षभरानं बार्बरा एका टूरच्या मागं उभी राहिली. एक पाहुणा आपल्या बायकोला सांगत होता, "एकोणिसाव्या शतकात इथं ही पद्धतच होती. जजच्या घरात बूट घालून जायचं नाही. मी ऑनलाइन वाचलंय." आणि खरंच! कुणीतरी रिव्ह्यू लिहिला होता, पाच स्टार: 'फार अस्सल अनुभव. जुन्या न्यू इंग्लंडच्या चालीरीती इथं अजून पाळतात.'

म्हटलं, आता ही आपल्याला काढणार. बार्बरानं रिव्ह्यू वाचला, आमच्या पायांकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं, आणि वाकून स्वतःचे बूट काढले.

"गालिचे इतके स्वच्छ कसे, ह्याचं मला वर्षभर आश्चर्य वाटत होतं," ती म्हणाली.

*

निशा बॉस्टनमध्ये वकील आहे. इथंच जन्मलेली. मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. एकदा मी तिला कौतुकानं म्युझियम दाखवायला नेलं, आणि काकांनी नेमकं तिला आबासाहेबांचं विधानसभेतलं गाजलेलं भाषण सांगितलं. परदेशातून येणारे लोक आपले देव आणि आपल्या स्वयंपाकाचे वास बरोबर घेऊन येतात, तेव्हा त्यांना गावसभेत मताला हात वर करू देऊ नये, निदान त्यांचा नातू मोठा होईपर्यंत तरी! काका हे सांगत होते तेव्हा आबासाहेबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी थालीपिठं आणि लसणाची चटणी उघडी होती.

निशा भडकली. "मॉम, धिस इज इन्सेन! हा माणूस तुमच्याबद्दल बोलतोय. अँड यू डस्ट हिज फर्निचर?"

खरं सांगायचं तर मलाही ते भाषण ऐकवत नाही. काकांनी थालीपिठाचा तुकडा मोडला.

"बेटा," ते म्हणाले, "माझे सासरे माझ्याबद्दल अगदी हेच म्हणायचे. नागपूरचा आहे, तिखट खातो, पोरगी देऊ नका. मग रिटायर झाल्यावर राहायला कोणाकडे आले? शेवटपर्यंत मीच त्यांची दाढी करून दिली."

"सो?" निशानं विचारलं.

"सो काही नाही. म्हातारी माणसं बोलतात. आपण ऐकून घ्यायचं आणि दाढी करायची."

निशा परत जाताना गाडीत म्हणाली, "ही इज स्टिल अ टेरिबल मॅन." म्हटलं, कोण म्हणतंय नाही?

*

सर्वपित्री अमावास्येला काका म्युझियमच्या मागच्या अंगणात मेपलच्या झाडाखाली तर्पण करतात. सुमनकाकूंसाठी, आईवडिलांसाठी. का, तर म्हणे त्यांच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीतून पाणी सोडलं की खालच्या माणसाच्या ग्रिलवर पडतं. मी तीळ आणि तांब्या घेऊन शेजारी उभी असते.

पहिल्या वर्षी सगळ्यांची नावं घेऊन झाली, आणि काकांनी आणखी एक ओंजळ भरली. मी पाहतच राहिले.

"हे कुणासाठी?"

"आबासाहेब. त्यांना मागे कोणी नाही नं. आज ज्यांचं कोणी नाही त्यांनाही द्यायचं असतं."

"अहो, पण गोत्र?"

"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. शास्त्रात आहे." आणि खणखणीत आवाजात, काश्यपगोत्री एबेनेझर क्रॅबट्री, म्हणून पाणी सोडलं! मला हसू आवरेना, आणि मग काकांचा चेहरा बघितला आणि हसू आपोआप थांबलं. काका म्हणाले, "माझ्यामागेही कोणी नाही, शैलाताई. कोणी तरी असं दिलं तर बरं वाटेल नं." "मी आहे की," एवढंच म्हटलं, आणि तांब्या पुढं केला.

बार्बरा खिडकीतून बघत होती. बाहेर आली. तिला काकांनी समजावून सांगितलं, की गेलेल्या माणसांना तहान लागते म्हणून घरची माणसं वर्षातून एकदा पाणी देतात. तिनं नीट ऐकून घेतलं.

"पाणी चालेल त्याला?" म्हणाली. "दारूबंदीवर भाषणं द्यायचा, पण रमशिवाय जेवायचा नाही हो."

*

आता आमची गावसभा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. न्यू इंग्लंडच्या लहान गावांत ही जुनी रीत आहे. गावातला प्रत्येक मतदार शाळेच्या जिममध्ये येतो, खुर्चीवर बसतो, आणि गावाचं सगळं तिथं हात वर करून ठरतं. हातात रंगीत कार्ड असतं. सभा चालवणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. बोलणाऱ्याला तीन मिनिटं, मग घंटी. ज्यांना मत नाही, म्हणजे बाहेरगावचे, त्यांच्यासाठी मागं भिंतीशी वेगळा बाक.

काका पहिल्यांदा जाऊन आले ते खुशीत. "अरे, ही तर हाउसिंग सोसायटीची मीटिंग! फक्त चहा नाही." कुत्र्यांना पट्टा बांधावा की नाही ह्यावर त्या दिवशी माणसं इतकी भांडली की एकीला रडू फुटलं. मग म्युझियमच्या छपराचा विषय आला, आणि अटीप्रमाणे मॉडरेटरनं विचारलं, "जज क्रॅबट्री यांच्या कुटुंबातलं कुणी आहे का?" सगळे गालात हसले, मॉडरेटरनं क्षणभर वाट पाहिल्यासारखं केलं आणि पुढं गेला. दरवेळी असंच. देवळात शिरताना घंटा वाजवतात ना, तेवढंच महत्त्व.

आमच्या गावात मराठी घरं पुष्कळ, मतदारही पुष्कळ. पण गावसभेला जाणार कोण? "वीकडेला कुठं जमतंय यार," हे आमचं राष्ट्रगीत.

*

मागच्या वसंतात बातमी आली. गावाला नवं मोठं फायर स्टेशन हवं. ते बरोबरच आहे, जुन्यात नवा बंब मावत नाही. पण त्याला पार्किंग हवं, आणि पार्किंगसाठी जागा कुठली? आबासाहेबांचं घर! पाडायचं, आणि फर्निचर कुठल्या तरी गोडाऊनमध्ये ठेवायचं. गावसभेत दोनतृतीयांश मतं मिळाली की काम फत्ते. फायर चीफ भला माणूस, घरी येऊन काकांना स्वतः सांगून गेला. म्हणाला, "नथिंग पर्सनल, मिस्टर घाटे."

काकांनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर मला फोन केला. "शैलाताई, एक सांगू काय? सुमन गेल्यापासून माझ्या घराचं कुलूप उघडायला जीवावर येते. आत कोणी नाही, हे दार उघडायच्या आधीच माहीत असते. आबासाहेबांच्या दाराला किल्ली लावायला नाही येत. आता ते पाडलं तर मी सकाळी उठून जाऊ कुठे?"

मी लॅबमध्ये जन्म काढलेली बाई, रडत वगैरे नाही. त्या दिवशी फोन ठेवला आणि सिंकमधली सगळी भांडी दोनदा घासली.

काकांनी भाषण लिहिलं. माझ्या डायनिंग टेबलाशी वाचून दाखवलं. पूल बांधणारा माणूस! घराच्या तुळयांबद्दल सुरुवात, ओक लाकडाबद्दल मध्य, सांध्यांबद्दल शेवट, आणि शेवटानंतर पायाच्या दगडांबद्दल परिशिष्ट. कुंदानं कपाळावर हात मारून घेतला.

"काका, तीन मिनिटांत हे बसणार नाही. तुळया कापा!"

"तुळई कशी कापणार? तिच्यावरच तर घर उभं आहे!"

भाषण कापलं गेलं नाही ते नाहीच. त्यातून दुसरं संकट! गावसभेच्या संध्याकाळीच श्रूजबरीत भारतातून आलेल्या नाटकाचा प्रयोग. मंडळानं आणलेला, तिकिटं कधीच संपलेली, आणि सेक्रेटरी कुंदा. तिला तिथं असणं भागच. सगळं मराठी गाव नाटकाला. काका म्हणाले, "जाऊ द्या नं. लोकांनी तिकिटं घेतली आहेत. मी कोणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका."

मी नाही सांगितलं. कुंदानं कुणाचं कधी ऐकलंय?

*

तर ती गावसभा.

जिममध्ये पुढच्या रांगेत काका, मी आणि बार्बरा. निशा मला सोडायला आली होती आणि थांबली. बॉस्टनची, म्हणून तिला मत नाही. दारातल्या बाईनं तिला मागं बाहेरगावच्यांच्या बाकावर बसवलं. इथं जन्मलेली, इथला कायदा शिकलेली माझी पोर मागच्या भिंतीशी, आणि असला उच्चार असलेली मी पुढं, हातात कार्ड घेऊन! आबासाहेबांनी हे बघायला हवं होतं.

फायर चीफ बोलला, छान बोलला. टाळ्या पडल्या. मी मागं वळून पाहिलं तर आमच्या बाजूचं कुणी दिसेना. पार्किंगवाली मंडळी मात्र भरपूर. मग मॉडरेटरनं चष्मा लावला आणि अट वाचली. "जज क्रॅबट्री यांच्या कुटुंबातलं कुणी आहे का?"

नेहमीसारखे सगळे गालात हसले. मॉडरेटर पुढचं पान उलटणार, तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. घाटे काका उभे!

"सर," मॉडरेटर म्हणाला, "चर्चा नंतर आहे. आत्ता मी फक्त कुटुंबाला विचारतोय."

"हो," काका म्हणाले. "ऐकलं मी."

"तुम्ही जजसाहेबांचे कोण?"

काकांनी जिमभर नजर फिरवली. अगदी मागच्या बाकापर्यंत. मग मॉडरेटरला विचारलं, "दुसरं कोणी आलंय काय?"

जिममध्ये कुणी हसलं नाही. मॉडरेटरनं चष्मा काढला, पुन्हा लावला, गावच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं खांदे उडवले. तेवढ्यात बार्बरा काठी आपटत उभी राहिली.

"मिस्टर मॉडरेटर! हा माणूस दरवर्षी जजला पाणी देतो. मी साक्षीदार आहे. जज गेल्यापासून ह्या गावातल्या एकानंही त्याला कधी काही दिलेलं नाही. कुटुंबाला बोलू द्या. आणि अट आठवते ना? मध्ये थांबवायचं नाही!"

मॉडरेटरनं घंटी उचलून खाली खुर्चीजवळ ठेवली. काका माइकपाशी गेले, खिशातून भाषण काढलं आणि सुरू झाले. तुळयांपासून!

मी डोळे मिटून घेतले. आता सगळे कंटाळणार, संपलं! इतक्यात फोन थरथरला. कुंदाचा मेसेज. 'इंटरव्हलला माइक हातात होता. सांगून टाकलं की काका एकटे आहेत. आपल्या गावचे सगळे उठले. नट चिडलाय. आम्ही बाहेर आहोत पण पार्किंग नाही!! काकांना बोलत ठेव.'

सांगा आता! पार्किंग नाही म्हणून घर पाडायचं, आणि घर वाचवायला आलेले लोक पार्किंग शोधत शाळेला प्रदक्षिणा घालतायत!

जन्मभर ज्यांना आम्ही "काका, आवरा" म्हणत आलो, त्यांना मी हातानं खूण केली, चालू द्या! काकांचा विश्वास बसेना. मी पुन्हा खूण केली. मग काय! तुळया झाल्या, ओक झाला, सांधे झाले. डुकरं झाली, ती मात्र लोकांना आवडली. माणसं जांभया देत होती. मागचं दार हळूच उघडायचं, एक पैठणी आत यायची. पुन्हा उघडायचं, एक झब्बा यायचा. दारातली बाई याद्यांत नावं शोधून घामाघूम. मी वळून पाहिलं तर निशा आपल्या बाकावरून उठून लोकांना रिकाम्या खुर्च्या दाखवत होती. "काकू, हिअर. काका, पुढे या, देअर इज रूम." पोर मराठी बोलत होती हो, भर सभेत!

काका पायाच्या दगडांवर आले, कुंदा धापा टाकत माझ्या शेजारी बसली आणि मी खूण केली, बास.

काकांनी कागदाची घडी घातली. "एवढंच," ते म्हणाले. "बाकी आमचे आबासाहेब फार चांगले होते असं मी म्हणत नाही. पण घर चांगलं आहे."

मतं झाली. कार्डं वर गेली. मोजणारे दोनदा मोजत होते. दोनतृतीयांश काही झाली नाहीत, घर वाचलं. काका खाली मान घालून बसले होते, त्यांचा हात बार्बरानं धरून ठेवला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्युझियमला गेले तर काकांनी दार उघडून झाडूनसुद्धा काढलं होतं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. फायर चीफ! थेट ड्यूटीवरून आलेला, पायात गुडघ्यापर्यंतचे काळे बूट. मी आपली दाराआड.

तो पायऱ्या चढून आला आणि काकांपुढं हात केला. काकांनी तो हातात घेतला.

"मिस्टर घाटे," चीफ म्हणाला, "मी जन्मल्यापासून ह्या गावात आहे, पण हे घर कधी आतून पाहिलं नाही. म्हणजे आता जजसाहेबांच्या फॅमिलीचे तुम्हीच म्हणायचे?"

काकांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "बाहेर काढा."